साथ सोडणारा सोबती: गेममधल्या तत्त्वनिष्ठ पात्रामागचा इतिहास

२००९ साली आलेल्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' या व्हिडिओ गेममध्ये ॲलिस्टर नावाचा एक सोबती आहे, म्हणजे खेळाडूबरोबर फिरणारं पात्र. ओस्टागारच्या लढाईत सेनापती लोगेन ऐन वेळी सैन्य मागे घेतो. राजा केलन मारला जातो आणि ॲलिस्टर ज्याला वडिलांच्या जागी मानायचा तो डंकनही. पुढे सरदारांच्या सभेत हाच लोगेन तुमच्यासमोर हरतो. त्याला जीवदान देऊन आपल्यात घ्यायचं ठरवलंत की ॲलिस्टर पार्टी, म्हणजे तुमचा गट, सोडतो. तोवर त्याला कितीही भेटवस्तू दिलेल्या असोत, तुम्ही त्याला किती आवडता हे दाखवणारा पसंतीचा आकडा शंभरावर पोचलेला असो, तो थांबत नाही. कुडाळ-सावंतवाडीकडे हा गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, "ॲलिस्टर सोडून गेलो!" हे आजही तो मालवणीत हळहळूनच सांगेल.

इथवर यायला पस्तीस वर्षं लागली.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर, कागद-फाशांनी खेळायचा खेळ आला. त्यात प्रत्येक पात्राची एक बाजू ठरलेली होती: सुव्यवस्था, तटस्थता किंवा अराजक. पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत पॅलाडिन आला, म्हणजे व्रतस्थ योद्धा. व्रत मोडलं की त्याची खास शक्तीही जायची. तत्त्वाला किंमत असते हा नियम तिथे लिहिला गेला. पण ती किंमत त्याची एकट्याची होती. बरोबरच्यांनी वाईट वागायचं ठरवलं तर त्याने काय करायचं, हे टेबलाभोवतीची माणसंच बोलून ठरवत.

कॉम्प्युटरवर बोलायला माणूसच नव्हता. सुरुवातीच्या बहुतेक गेममध्ये पार्टी म्हणजे तुम्हीच बनवलेली मुकी पात्रं. १९८५ साली रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार'ने वेगळी वाट धरली. चोरी-खून करूनही खेळाडू जिंकतो हे गॅरियटला खटकत होतं. म्हणून या गेममध्ये शेवटी मारायला कुणी महाखलनायकच नाही. करुणा, प्रामाणिकपणा, न्याय, त्याग असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि अवतारपदाला पोचायचं. अवताराची कल्पना त्याने हिंदू परंपरेतूनच उचलली. सोबत्यांपैकी प्रत्येक जण एकेका सद्गुणाचा प्रतिनिधी आहे. मला हा गेम फार मोलाचा वाटतो, पण त्यातले सोबती खांबांवर कोरलेल्या मूर्तींसारखे आहेत. ते सद्गुण दाखवतात, तुमच्याशी भांडत नाहीत.

भांडण आणलं ते बायोवेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीने. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये तुमच्या लौकिकाचा आकडा असतो. तो फार खाली गेला की सज्जन सोबती आधी कुरकुरतात, मग निघून जातात. फार वर गेला की दुष्ट सोबती वैतागतात. दोन विरुद्ध स्वभावाचे सोबती एकमेकांवर शस्त्रही उपसतात. २००० सालच्या दुसऱ्या भागातला केल्डॉर्न हा म्हातारा पॅलाडिन मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो. कर्तव्यापायी तो वर्षानुवर्षं घराबाहेर राहिला आहे. घरी परततो तर बायकोने दुसऱ्या पुरुषाचा आधार शोधलेला. आता कायद्याकडे जायचं की क्षमा करायची, याबद्दल तो तुमचा सल्ला घेतो. आयुष्यभर इतरांचा न्याय करणाऱ्या माणसाच्या तत्त्वाची झळ त्याच्या स्वतःच्या घरालाच बसली, हे दाखवणारं लेखन तेव्हाच्या गेममध्ये विरळाच. एरवी मात्र हे सोबती आकड्यावरच हलायचे. देवळात पैसे दान केले की लौकिक वाढायचा आणि रागावलेला सज्जन गप्प बसायचा.

आपल्या भागातल्या माणसाला यातली उणीव चटकन कळते, कारण त्याने दशावतार पाहिलेला असतो. सिंधुदुर्गात पिकं घरात आली की जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर आख्यान रंगतं. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. अधर्मी राजासमोर उभ्या राहिलेल्या पात्राला आपली बाजू तिथल्या तिथे मांडावी लागते, आणि ती लंगडी पडली तर समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना लगेच कळतं. पुराणकथांत अशा माणसांचे दोन मार्ग आहेत. बिभीषण रावणाला समजावतो, ऐकलं जात नाही तेव्हा लंका सोडतो. विकर्ण भर द्यूतसभेत द्रौपदीची बाजू घेतो, तरीही युद्धात भावांच्याच बाजूने लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. दोघांचीही तत्त्वं खरी आहेत. कुठल्याही दानाने त्यांचं म्हणणं बदललं नसतं.

'ओरिजिन्स'ने नेमकी ही उणीव भरून काढली. आकडा ठेवला, पण काही प्रसंग त्याच्या कक्षेबाहेर नेले. पवित्र रक्षेचा कलश विटाळलात तर विन ही वयस्क जादूगारीण, तोवर आईच्या मायेने बोलणारी, थेट अंगावर येते.

२०२३ मध्ये लॅरियन स्टुडिओजने 'बाल्डर्स गेट ३' आणला तेव्हा ही रीत पक्की झाली होती. वनातल्या वस्तीत आसरा घेतलेल्या निर्वासितांवर तुम्ही हल्ला केलात की विल आणि कार्लाक तुम्हाला सोडतात. सुरुवातीला मिंथारा ही हल्लेखोर सेनानी पार्टीत हवी असेल तर हीच किंमत मोजावी लागेल अशी रचना होती. खेळाडूंनी तिला ठार न मारता बेशुद्ध करायची पळवाट शोधली आणि नंतरच्या अपडेटमध्ये लॅरियनने ती अधिकृत केली. आता वस्ती वाचवूनही मिंथारा मिळते, विल आणि कार्लाकही राहतात. मला आधीची रचनाच जास्त पटते. तिच्यात विलला निघून जायचा हक्क होता, आणि मिंथारासाठी काय गमवायचं हे खेळाडूला आधी ठरवावं लागत होतं.