अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे

अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे : अंडाशयात (बीजकोशात) किंवा त्याच्या लगतच्या ऊतकांत मारक अर्बुद (कर्काची गाठ) वाढू लागल्यावर जाणवणाऱ्या तक्रारी. पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाताच गच्च वाटणे, ओटीपोटात किंवा पोटात दुखणे, वारंवार वा घाईची लघवी या त्यांतील प्रमुख होत. अपचनातही हेच आढळत असल्याने निदानाला उशीर होतो.

‘मूक कर्करोग’ हे जुने वर्णन आता फारसे ग्राह्य धरले जात नाही. रोग पुष्कळदा प्रारंभीही तक्रारी उत्पन्न करतो. त्या या रोगाच्या म्हणून ओळखू येत नाहीत, इतकेच. त्यामुळे तक्रारीच्या प्रकारापेक्षा तिचा नवेपणा आणि वारंवारता यांना महत्त्व येते. अमेरिकेतील बार्बरा गॉफ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या लक्षण निर्देशांकात दुखणे, फुगणे वा पोटाचा घेर वाढणे आणि खाण्यातील अडचण, यांपैकी एखादी तक्रार वर्षभराच्या आत सुरू झालेली व महिन्यात १२ हून अधिक दिवस असावी लागते. लघवीची तक्रार त्यात धरलेली नाही. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत ती आहे. निर्देशांकाची संवेदनशीलता (रोग असलेल्यांपैकी किती जणी तो ओळखतो, ते प्रमाण) प्रारंभिक अवस्थेत सुमारे ५७ टक्के, तर प्रगत अवस्थेत सुमारे ८० टक्के आढळली. म्हणजे तो इशारा आहे, निदान नव्हे. पन्नाशीनंतर प्रथमच ‘आतड्याच्या क्षोभा’ची लक्षणे दिसू लागली, तर अंडाशयांची तपासणी करणे इष्ट ठरते.

लक्षणे उशिरा का ध्यानात येतात, हा प्रश्न उगमाच्या वादाशी जोडलेला आहे. अर्बुद अंडाशयाच्या पृष्ठस्तरातून निघते, अशी पूर्वापार समजूत होती. दर अंडमोचनाबरोबर (अंडाशयातून अंडे बाहेर पडताना) हा स्तर फाटतो व भरून येतो. या अखंड आवर्तनातून कर्क उद्भवत असावा, असे संशोधक फथाल्ला यांनी १९७१ मध्ये सुचवले. अंडमोचन थांबवणाऱ्या गर्भधारणा व गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका घटतो, हे त्याला अनुकूल. मात्र २००१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना, आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या प्रतिबंध म्हणून काढलेल्या अंडवाहिन्यांत (अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नलिकांत) कर्कपूर्व बदल आढळले. पुढे वाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी अतिसूक्ष्म कर्क दिसून आले. सर्वाधिक आढळणाऱ्या उच्च श्रेणीच्या सीरमी प्रकारापुरते, उगम अंडवाहिनीत असतो हे मत आता अधिक सयुक्तिक वाटते. अंडाशय, वाहिनी व पर्युदर (पोटाचे आतले अस्तर) यांच्या कर्करोगांचे अवस्था-वर्गीकरणही २०१४ पासून एकत्र केले जाते. झालर पर्युदरगुहेत उघडते. तेथून पेशी सांडल्यास अंडाशय फारसे न वाढताही जलोदर (पोटात पाणी साचणे) होऊ शकतो, आणि कंबरेचे कपडे घट्ट होणे हीच पहिली खूण ठरते. एंडोमेट्रिऑसिसशी (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराशी) निगडित प्रकारांचा उगम मात्र निराळा.

विरळ प्रकारांची लक्षणे वेगळी असतात. ग्रॅन्युलोसा पेशींचे अर्बुद इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक स्रवते. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो. सर्टोली-लेडिग प्रकारात आवाज घोगरा होतो व अंगावर केस वाढतात. तरुण मुलींतील जननपेशी-अर्बुदात पिळा पडून अकस्मात तीव्र वेदना होऊ शकतात.

तपासणीत रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन व सोनोग्राफी यांचा आधार घेतात. सीए-१२५ मासिक पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिऑसिस व पोटाच्या क्षयातही वाढते. उलट पहिल्या अवस्थेतील सुमारे निम्म्या रुग्णांत ते वाढलेले नसते. लक्षणे नसलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीत (२०२१) अशा चाळणी-तपासणीने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. बीआरसीए जनुकांतील (ज्यांत बिघाड झाल्यास या कर्करोगाचा आनुवंशिक धोका वाढतो) उत्परिवर्तन असलेल्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.