दोन मीटर सरकलेला टेम्पलरांचा किल्ला

नाइट्स टेम्पलर, म्हणजे क्रुसेडच्या (ख्रिश्चन-मुसलमान धर्मयुद्धांच्या) काळातले लढवय्ये ख्रिश्चन साधू, म्हटलं की लोक लगेच गुप्त खजिना, शाप आणि 13 तारखेचा शुक्रवार यावर घसरतात. पण त्यांच्याच एका अर्धवट किल्ल्याची खरी गोष्ट याहून भारी आहे आणि ती सांगतात हाडं आणि भिंती.

हा किल्ला म्हणजे वादुम इयाकोब, आजच्या इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या उत्तरेला जॉर्डन नदीच्या उतारावर, अक्को ते दमास्कस वाटेवर. बायबलमधला याकोब इथूनच नदी पार झाला अशी समजूत, त्यामुळे जागा ख्रिश्चनांनाही पवित्र आणि मुसलमानांनाही. शेजारच्या पुलाला याकोबाच्या मुलींचा पूल म्हणतात. याकोबाचा मुलगा योसेफ गेला हे कळल्यावर त्याच्या बहिणी इथे रडल्या म्हणे, तर दुसरं म्हणणं असं की इथला टोल एका कॉन्व्हेंटच्या नन्सना मिळायचा म्हणून ते नाव. मला दुसरं पटतं, पण रडणाऱ्या बहिणी जास्त लक्षात राहतात हेही खरंच.

ऑक्टोबर 1178 मध्ये जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा याने बांधकाम सुरू केलं आणि किल्ला टेम्पलरांच्या हातात दिला. इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने काम थांबवा म्हणून आधी 60,000 आणि मग 1,00,000 दिनार देऊ केले, राजा ऐकेना. मग ऑगस्ट 1179 मध्ये वेढा पडला, तटाखाली भुयार खणून आत लाकडं पेटवली पण तट इतका जाड की पडेचना, शेवटी आग विझवायला पाण्याची पखाल आणणाऱ्याला एक दिनार जाहीर झाला, भुयार आणखी आत खणलं, पुन्हा पेटवलं आणि तट कोसळला. शेकडो माणसं मारली गेली, प्रेतं पाण्याच्या टाक्यात टाकली, उन्हाळ्यात रोग पसरून जिंकणाऱ्यांचेही काही सरदार गेले.

1993 पासून खोदकामात तिथे सांगाडे सापडले, सोबत कुदळी, फावडी, चुना, बाणांची टोकं. पाच पुरुषांच्या हाडांचा अभ्यास झाला. एकाला डाव्या कोपराच्या वर तलवारीचा वार, जबड्यावर दुसरा आणि कवटीवर तिसरा. बखरी लढाई कशी झाली ते सांगतात, पण कुणाला नेमकं कुठे लागलं हे हाडांवरच दिसतं.

पण खरी मजा भिंतींची. किल्ला मृत सागराच्या फॉल्टवर बसलाय, म्हणजे जिथे अरेबियन प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा) उत्तरेकडे घसरते त्या भेगेवर. तट एकदम सरळ बांधलेला, आज तो मधेच तुटून 2.1 मीटर बाजूला गेलाय. बांधकामाचं साल पक्कं माहीत असल्यामुळे भूगर्भशास्त्रज्ञांना ही आयती पट्टीच मिळाली. त्याच जागी नंतर बांधलेली मशीदही सरकलीय, पण फक्त अर्धा मीटर, म्हणजे तेवढं 1759 च्या भूकंपाचं आणि उरलेलं 1.6 मीटर 20 मे 1202 च्या भूकंपाचं. किती सोपं गणित, आणि केवढं कामाचं!

आता प्लेट वर्षाला साधारण 4 ते 5 मिलीमीटर सरकतात, म्हणजे 1179 पासून तीन मीटरच्या वर सरकायला हवं होतं. भिंत दाखवते 2.1. उरलेला मीटरभराहून जास्त भाग कुठे गेला? एक शक्यता अशी की तो ताण खडकात अजून साठलेला आहे आणि पुढच्या भूकंपात सुटेल.