मेकअप एकाचा, केस दुसऱ्याचे: हा नियम कलेचा नव्हता

‘मेकअप आणि केशरचना ही वेगळी कामे आहेत, एकाने एकच शिकावे’ हा समज आजही अनेक नवशिक्यांच्या मनात घर करून आहे. हिंदी चित्रपटसृष्टीत त्याचे मूळ कौशल्यात नव्हते, तर रंगभूषा पुरुषांनी आणि केशभूषा स्त्रियांनी करावी या मुंबईतील कलाकार-कामगार संघटनेच्या दंडकात होते. स्त्रियांवरचा हा उघड अन्याय सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी दूर केला. प्रत्यक्षात नवरीच्या मुंडावळ्यांखाली, केसांच्या कडेशी फाउंडेशनची पांढुरकी रेघ राहिली, किंवा मेकअप झाल्यावर मारलेला हेअरस्प्रे गालांवर बसला, तर चूक केसांची की चेहऱ्याची हे सांगता येत नाही. म्हणूनच खोपा घालणाऱ्या हातांना त्वचाही कळलीच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.