चोर्ला घाटापलीकडचा पहिला दिवस

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पत्ते म्हटले की रमी, नाहीतर तीन पत्ती. लक्ष्मीपूजन झालं की सतरंजी टाकायची, पत्ते पिसायचे आणि ब्लाइंड चाल करणाऱ्याच्या हिमतीवर डाव चढत जायचा. म्हणूनच चोर्ला घाट उतरून गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजावर कुणी ‘नो-लिमिट’ पोकर स्पर्धेला निघालं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मर्यादाच नाही, म्हणजे घरदार लावणार काय?

या स्पर्धांत खेळतात तो पोकरचा प्रकार म्हणजे होल्डेम, मूळचा टेक्सासचा. प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे. नो-लिमिटमध्ये समोरच्या सगळ्या चिप्स, म्हणजे डावात लावायच्या चकत्या, एका चालीत पुढे सरकवता येतात. लास वेगासला १९७० साली पोकरची जागतिक मालिका सुरू झाली, तेव्हा विजेता चक्क खेळाडूंच्या मतांवर ठरला. पुढच्याच वर्षी नियम बदलला: सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की बाहेर. स्पर्धेतल्या चिप्स म्हणजे रोकड नव्हे, त्यामुळे हरलात तर जाते ती प्रवेश फी. एवढं घरी नीट सांगितलं तरी निम्मी भीती कमी होते.

२००३ मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला एक हिशेबनीस तिथे ८३९ जणांत पहिला आला. तीनच वर्षांत खेळाडू ८,७७३ झाले. एवढी माणसं एका दिवशी बसवायची कुठे? म्हणून मोठ्या स्पर्धांचा ‘पहिला दिवस’ तीन-चार दिवसांत विभागून, खेळाडूंचे गट पाडून खेळतात. सुरुवातीला चिप्स भरपूर, सक्तीची बोली (पत्ते बघण्याआधीच लावावी लागते ती) लहान. बहुतेक घाई करणाराच त्या दिवशी बाहेर पडतो.

पण यासाठी घाट का ओलांडायचा? १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, जुगाराचा कायदाही १८८७चा मुंबईचाच. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला खटलाही सीमेवरचाच म्हणायचा: शब्दकोड्यांचं साप्ताहिक बंगळूरला छापलेलं, कर मागणारं सरकार मुंबईचं. कौशल्याची स्पर्धा आणि जुगार वेगळे, हा धागा तिथून पक्का झाला. १९६८ मध्ये रमी कौशल्याची ठरली. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हणून पोकर खेळायला परवाना लागत नाही असं सांगितलं. २०२१ मध्ये राज्याने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आणली, ती न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. गोव्याने मात्र १९९६ मध्येच जहाजावरच्या कॅसिनोला कायद्यात जागा दिली होती.

आता २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळच बंद केले. घरबसल्या पात्र ठरायची वाट बुजली. गोव्याकडे उतरणारा जांबोटी-कणकुंबीचा रस्ता तेवढा उरला.

माझी काळजी वेगळीच आहे. हल्ली बऱ्याच स्पर्धांत बाहेर पडलेल्याला फी भरून पुन्हा बसता येतं. तिथे १९७१चा तो ‘संपल्या की बाहेर’ नियम सुटतो आणि रात्र चढली की खिसा रिकामा होतो. निघण्यापूर्वी किती वेळा बसायचं ते घरी सांगून ठेवा. दिवस संपल्यावर टिकलेला खेळाडू चिप्स मोजतो, पिशवीवर नाव आणि आकडा लिहितो, पिशवी सीलबंद करतो. पुढच्या फेरीला तीच पिशवी त्याच्यापुढे उघडतात.