उन्हाची तजवीज कुणाच्या खर्चाने?

विदर्भातल्या शहरांत हल्ली उन्हाळा लागला की चौकाचौकांत हिरवी जाळी ताणली जाते. नागपुरात तर दुपारी काही सिग्नलच बंद ठेवतात, म्हणजे लाल दिव्याखाली दुचाकीवाले भाजून निघत नाहीत. रस्त्यावरच्या उन्हाची काळजी महापालिकेने घ्यायची असते, ही समजूत मात्र आपल्याकडे जेमतेम दहा-बारा वर्षांची आहे.

त्याआधी हे काम पुण्यकर्माच्या खात्यात जमा होई. पाणपोई घालणे, पार बांधणे, वाटेवर वड-पिंपळ लावणे हा दानधर्म होता. मुंबईत तो दगडात कोरलेला सापडतो. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि पुढच्या काळात शेठ-सावकारांनी आप्तांच्या स्मरणार्थ बाजारांत, नाक्यांवर प्याऊ, म्हणजे दगडी पाणपोया बांधल्या. मस्जिद भागातले केशवजी नाईक यांचे कारंजे १८७६ चे. फोर्टातले १८९४ चे कारंजे रतनसी मुळजी यांनी मुलाच्या आठवणीत उभारले. कित्येक प्याऊंना खाली जनावरांसाठी कुंड असे, कारण शहर बैलांवर आणि घोड्यांवर चाले. पुढे जनावरे गेली, घरोघर नळ आले, मग बाटलीबंद पाणी आले आणि प्याऊ कोरडे पडले. अलीकडे काहींची डागडुजी झाली, पण मुख्यतः वारसा म्हणून.

सरकारी यंत्रणेला जाग आणली ती अहमदाबादने. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. नंतरच्या, कारण उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू नेहमीच थोडे असतात. बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंड, वार्धक्य अशा कारणांखाली झाकले जातात. २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला: आगाऊ इशारे, डॉक्टरांचे प्रशिक्षण, जागोजागी पाणी, दुपारी टेकायला थंड जागा. नागपूरने २०१६ च्या सुमारास तोच रस्ता धरला. एरवी दुपारी कुलूप लागणाऱ्या बागा उघड्या ठेवणे हा त्यातला, माझ्या मते, सर्वांत शहाणा उपाय. त्याला पैसाही जवळपास लागत नाही.

तरी आपला सरकारी ओढा जागा बदलण्यापेक्षा माणसाला जागेवरून हलवण्याकडेच राहिला. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. त्यानंतर राज्याने दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावरच्या कार्यक्रमांना मनाई केली. मे २०२४ मध्ये अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी चक्क जमावबंदीचे कलम १४४ लावले. त्यात कामगारांना पाणी-पंखा द्या, दुपारचे क्लास बंद ठेवा, असे आदेश होते. ते गरजेचेच होते. पण भाजीवाली, रिक्षावाला, सफाई कामगार दुपारी जाणार कुठे?

दरम्यान रस्त्यांचे काँक्रीट झाले आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री ती उष्णता सोडत राहते, त्यामुळे शरीराला सावरायला मिळणारी थंड रात्रही आखडते. नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडे वारसा वृक्ष ठरली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे आले. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपे लावली, तरी बसस्टॉपवरची सावली त्याच दिवशी गेलेली असते.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. देशभर असे आराखडे आता बरेच झाले आहेत. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या दिल्लीतल्या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये उष्णतेचे ३७ आराखडे तपासले, तेव्हा पैसा कुठून येणार याचा उल्लेख फक्त ११ आराखड्यांत सापडला. त्यातल्याही आठांनी संबंधित खात्यांनाच आपापल्या तरतुदीतून खर्च भागवायला सांगितले होते.