हिमलोट

हिमलोट म्हणजे डोंगरउतारावर साचलेला बर्फ सुटून वेगाने खाली येणे. वर्तमानपत्रांत याला हिमस्खलन म्हणतात, ट्रेकर मंडळी ‘ॲव्हलांच’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तरीही साल्हेर, हरिहर, अंजनेरीवर पाय घडवलेली इथली मुले हिवाळ्यात केदारकंठ्याला जातात, मनाली-उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकतात. डोंगर वाचायची त्यांची नजर कातळावर तयार झालेली असते, आणि बर्फावर तीच फसवते.

सर्वांत घातक हिमलोट लादीचा. हिमवृष्टीचे थर एकावर एक बसत जातात. वरचा थर घट्ट आणि खालचा भुसभुशीत असेल, तर वरच्या घट्ट थराची ही लादी जेमतेम तोललेली असते. माणसाच्या वजनाने खालचा थर चिरडतो, तडा क्षणात दूरवर धावतो आणि पायाखालचीच लादी सुटते. गिर्यारोहक किंवा स्कीपटू सापडतात ते लोट बहुतेक वेळा त्यांच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेले असतात. सह्याद्रीतही बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा मऊ पट्टा असतो; तो आधी झिजतो आणि वरचा कातळ निराधार होतो. पण तो पट्टा कड्यावर उघडा दिसतो. बर्फातला कच्चा थर खड्डा खणल्याशिवाय कळत नाही.

हा कच्चा थर बनतो कसा? निफाडच्या द्राक्षबागायतदाराला थंडीतली निरभ्र, वारा पडलेली रात्र चांगली माहीत असते; पानावरचे दव गोठते ती. तशाच रात्री हिमालयात बर्फाच्या पृष्ठभागावर हवेतल्या बाष्पाचे पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. दिसायला अतिशय सुंदर. पुढची हिमवृष्टी त्यांना झाकते आणि ते कधीकधी कित्येक आठवडे तसेच दबून राहतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ आणि थंडी कडक असेल, तर तळाशी जाड साखरेसारखे दाणे तयार होतात. मुठीत आवळले तरी त्यांचा गोळा होत नाही.

लादी सुटते ती प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर जपून पाय टाकणाऱ्याला ३५ अंशांचा पांढरा उतार सोपा वाटतो. नेमका तोच सर्वांत वाईट. सपाटीवर चालणाराही वरच्या उताराच्या माऱ्यात असू शकतो. आडोशाचेही तसेच. सह्याद्रीत वारा सुटला की आपण आडोसा शोधतो, पण वारा बर्फ उचलून आडोशाच्याच बाजूला रचतो आणि तिथला उतार जड होतो. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे असतात. वसंतात दुपारच्या उन्हाने बर्फ ओला होऊन सुटतो, म्हणून उतार पहाटे ओलांडतात.

शेजारच्या उतारावर ताजा लोट दिसला, पावलासरशी तडे धावले किंवा बर्फ ‘धप्प’ आवाज करून खचला, तर मागे फिरावे. माझ्या मते अशा वेळी चर्चा करणेही चूक आहे. संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवून.

गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. मृत्यू बहुतेकदा गुदमरून होतो. एवढ्या वेळात बाहेरचे पथक पोहोचत नाही, वाचवतात ते सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याची जागा संदेशावरून दाखवणारे यंत्र), शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही साधने लागतात आणि त्यांचा सरावही लागतो. नुसता बीकन असून खणायला फावडे नसेल, तर सोबती कुठे आहे एवढेच कळते.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमलोटात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. ते प्रगत अभ्यासक्रमाचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्ते बांधणाऱ्या कामगारांच्या छावणीवर हिमलोट आला. ४६ जण वाचले, ८ दगावले.

भारतात हिमलोटाचा अंदाज चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. १९६९ साली मनालीत सुरू झालेली ‘सासे’ ही हिम व हिमलोटांचा अभ्यास करणारी संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. तिची पत्रके जिल्हा आणि उंचीनुसार धोक्याची पातळी सांगतात. समोरच्या एका उताराबद्दल त्यांतून कळत नाही. त्यासाठी तो उतार हिवाळाभर पाहत आलेला स्थानिक वाटाड्या आणि हातातले फावडेच लागते.