एक चौकट, अनेक कार्डे : रिसीव्हर-डिकोडर सुटा व्हायला उशीर का लागला

केबलच्या कंट्रोल रूममध्ये (हेडएंडमध्ये) आता येणाऱ्या मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग बसवता येणाऱ्या रिसीव्हर-डिकोडरची (सिग्नल पकडून त्यातून वाहिन्या काढणाऱ्या यंत्राची) वैशिष्ट्ये साधारण ठरलेली असतात. एका चौकटीत काही खाचा. त्यांत उपग्रहाचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर, जमिनीवरच्या प्रक्षेपणाचा टी२ ट्यूनर, कॅमची (पे चॅनलचे कुलूप उघडणाऱ्या कार्डाची) जागा, एएसआय (तारेवरून) आणि आयपी (नेटवर्कवरून) आउटपुट, मागे दोन पॉवर सप्लाय. एखादा मॉड्यूल गेला तर बाकीच्या वाहिन्या चालू ठेवून तेवढाच ओढून काढायचा. नागपुरात मे महिन्यात रॅकच्या मागे हात घातला की चटका बसतो. तेव्हा या सोयीचे मोल कळते. असे यंत्र बनवणे पंधरा-वीस वर्षांपूर्वीही अवघड नव्हते. उशीर लागला तो एका जुन्या तडजोडीपायी.

आधी ‘डिकोडर’ या शब्दाचा गुंता सोडवायला हवा. नव्वदच्या दशकात इथे डिकोडर म्हणजे पे चॅनलवाल्यांनी दिलेला डबा. त्या डब्यात तीन वेगळी कामे होत : सिग्नल पकडून वाहिनीच्या माहितीचा प्रवाह काढणे, प्रवाहाचे कुलूप उघडणे (पैसे न भरणाऱ्याला दिसू नये म्हणून विस्कटलेला प्रवाह सरळ करणे) आणि उघडलेल्या प्रवाहातून चित्र-आवाज बनवणे. काटेकोरपणे डिकोडिंग म्हणजे फक्त तिसरे. डिजिटल केबलमध्ये नेमके तेच बहुतेक वाहिन्यांना लागत नाही. कुलूप उघडलेला प्रवाह तसाच अनेक वाहिन्या एकत्र करणाऱ्या मल्टिप्लेक्सरमध्ये जातो, त्याला केबलवाल्याचे स्वतःचे कुलूप लागते आणि चित्र ग्राहकाच्या घरच्या सेटटॉप बॉक्समध्ये तयार होते. यंत्राचे नाव मात्र डिकोडरच राहिले. त्यामुळे कोटेशन मागवताना आजही घोळ होतो. ज्याला फक्त प्रवाह हवा, तो एचडीएमआयसह पूर्ण डबा घेऊन बसतो.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर मोठ्या जाळीच्या डिश चढल्या तेव्हा कुलपाचा प्रश्नच नव्हता. सी-बँड या कंपनपट्ट्यातला सिग्नल खुला होता. एलएनबीसाठी (डिशच्या तोंडावरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागासाठी) रिसीव्हरमध्ये ५१५० हा कंपनसंख्येचा आकडा भरायचा, डिश आशियासॅट उपग्रहाकडे फिरवायची, एका वाहिनीला एक रिसीव्हर आणि वाहिनी केबलवर चढवणारा एक मॉड्युलेटर लावायचा. पे चॅनल आले आणि कुलूप आले.

खरा पेच युरोपात पडला. १९९३ मध्ये डिजिटल टीव्हीची प्रमाणे ठरवणारा डीव्हीबी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रसारक, यंत्र बनवणारे आणि सरकारे एका टेबलाशी बसली. प्रक्षेपणाची पद्धत ठरायला फार वेळ लागला नाही. भांडण कुलपावरून झाले. एका बाजूचे म्हणणे, कुलूप उघडणारा भाग डब्याबाहेर काढा, म्हणजे डबा कुणाचाही चालेल. दुसरी बाजू डब्यातच कुलूप ठेवू पाहत होती. डबा आपला तर ग्राहकही आपला. शेवटी अर्धेअर्धे झाले. प्रवाह विस्कटण्याची रीत सर्वांना एकच ठरली. पण ती उलगडणारी किल्ली, जी काही सेकंदांनी बदलत राहते, ती ग्राहकाच्या स्मार्टकार्डापर्यंत कशी पोचवायची हे ज्याचे त्याने ठरवावे. बाहेरच्या कुलपासाठी कॉमन इंटरफेस नावाची खाच १९९७ मध्ये प्रमाणित झाली. लॅपटॉपमध्ये पूर्वी बसायचे तसे ६८ पिनांचे धातूचे कार्ड, त्याच्या पोटात स्मार्टकार्ड : हाच कॅम. टीव्ही संचात ही खाच सक्तीची झाली, सेटटॉप डब्यात नाही. माझ्या मते चूक इथे झाली, आणि तिची किंमत युरोपबाहेरच्या लहान केबलवाल्यांनी जास्त मोजली.

कारण आपल्याकडे प्रत्येक प्रसारकाने स्वतःचाच सीलबंद डबा दिला. कार्ड त्या एकाच डब्याशी ‘पेअर’ केलेले, म्हणजे जोडलेले. दुसऱ्या डब्यात घातले की पडदा काळा. नागपुरातल्या महाल-इतवारीकडच्या जुन्या कंट्रोल रूममध्ये रॅक भरून जमिनीवर डब्यांची उतरंड लागली ती यामुळेच. पावसाळ्यात एखादा पॉवर सप्लाय उडाला की बदली डबा येईपर्यंत ती वाहिनी बंद, आणि दिवसभर ग्राहकांचे फोन.

केबल टीव्ही कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने डिजिटल केबल सक्तीची झाली. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नागपूर होते. मुदत ३१ मार्च २०१३. लहान हेडएंड बंद झाले किंवा मोठ्यांचे फीड घेऊ लागले. शेकडो वाहिन्या एका जागी आल्यावर डब्यामागे डबा रचणे जागा, वीज आणि एसी या तिन्ही अंगांनी परवडेना. त्याच सुमारास प्रसारक एमपीईजी-४ (चित्र आकसण्याची नवी पद्धत) आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून पाठवण्याची नवी पद्धत) यांच्याकडे वळत होते. एस२ मुळे उपग्रहाच्या त्याच ट्रान्सपाँडरवर (प्रक्षेपण वाहिनीवर) सुमारे ३० टक्के जास्त माल बसतो, पण जुना ट्यूनर आंधळा होतो. सीलबंद डबा असेल तर सगळाच टाकायचा. चौकट असेल तर ट्यूनर बदलायचा. मॉड्युलर यंत्राची बाजू इथे जड झाली. व्यावसायिक कॅम एकाच कार्डातून अनेक वाहिन्या उघडतो, हेही पथ्यावर पडले.

टी२ चे इथे फारसे झाले नाही. २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल स्थलीय प्रक्षेपण सुरू झाले, त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद होती. सेमिनरी हिल्सचा दूरदर्शनचा टॉवर डोळ्यांसमोर असूनही नागपूरकराला टी२ चा मॉड्यूल घ्यायचे कारण मिळाले नाही.

घरच्या सेटटॉप बॉक्समध्ये कुलूप सुटे असावे, अशी शिफारस नियामकाने (ट्रायने) २०२० मध्ये केली. ती ग्राहकाच्या डब्यापुरती होती. हेडएंडमध्ये कोणत्या प्रसारकाचे कार्ड खुल्या कॅममध्ये मिळेल आणि कोणाचे फक्त त्याच्याच डब्यात, हे आजही करारात ठरते. म्हणून नव्या चौकटीच्या वरच्या खणात दोन-तीन सीलबंद डबे अजून दिसतात, त्यांचे एएसआय आउटपुट खालच्या चौकटीत जोडलेले.